मात्रांची गणती आणि सुवर्णगुणोत्तर : प्रस्तावना

ज्या संख्या एका निश्चित नियमाने एकामागून एक येतात त्यांच्या रांगेला गणितात क्रमिका म्हणतात. सम संख्यांची, वर्गसंख्यांची, दुपटीने वाढत जाणारी अशा कितीतरी क्रमिका मराठी वाचकाला शालेय पुस्तकांतून परिचित असतात. परंतु १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९ या क्रमिकेच्या वाट्याला जेवढे कुतूहल आले आणि जेवढे गैरसमज आले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या क्रमिकेच्या वाट्याला आले असतील. आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची संख्या, एवढाच तिचा नियम आहे. इटलीतल्या पिसा शहरच्या लिओनार्दोच्या, म्हणजे फिबोनाचीच्या, नावाने ती जगभर ओळखली जाते, तिच्यातल्या लगतच्या दोन संख्यांचे गुणोत्तर ज्या संख्येकडे सरकत जाते तिला सुवर्णगुणोत्तर म्हणतात, आणि सूर्यफुलाच्या बियांपासून देवळांच्या शिखरांपर्यंत सर्वत्र हे गुणोत्तर भरून राहिले आहे असे सांगणाऱ्या लेखनाला तोटा नाही. या विषयाची ओळख बहुधा सशांच्या वाढत जाणाऱ्या जोड्या मोजण्याच्या फिबोनाचीच्या कूटापासून करून दिली जाते. प्रस्तुत पुस्तकाची मांडणी तशी नाही. ज्या भाषेत ओव्या, आर्या, दिंड्या आणि साक्या पिढ्यान्‌पिढ्या म्हटल्या गेल्या, त्या भाषेच्या वाचकाने या क्रमिकेकडे कवितेच्या मात्रांमधून जावे, कारण ती प्रथम मोजली गेली ती तिथेच, आणि तिचा नियम का लागू पडतो हेही तिथेच सर्वांत स्वच्छ दिसते, अशी या पुस्तकामागची धारणा आहे.

पद्यातले अक्षर लघू असते किंवा गुरू असते. ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघू, त्याची मात्रा एक. दीर्घ स्वराचे, अनुस्वारयुक्त किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात घेणारे अक्षर गुरू, त्याच्या मात्रा दोन. लघूसाठी ‘ल’ आणि गुरूसाठी ‘गा’ ही खूण वापरली, तर एका मात्रेची रचना ‘ल’ ही एकच होते. दोन मात्रांच्या ‘गा’ आणि ‘लल’ अशा दोन होतात, तीन मात्रांच्या ‘लगा’, ‘गाल’ आणि ‘ललल’ अशा तीन. चार मात्रांच्या रचना पाच आहेत: गागा, ललगा, लगाल, गालल आणि लललल; आणि पद्यात म्हटल्याप्रमाणे प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारले, तर राधा, कविता, विचार, पावन आणि मधुकर हे शब्द अनुक्रमे या पाच रचनांची उदाहरणे ठरतात. आता या पाचांकडे शेवटच्या अक्षरावरून पाहावे. ज्या रचना लघूने संपतात त्यांतून तो लघू काढला की तीन मात्रांची रचना उरते, आणि तीन मात्रांच्या रचना तीन आहेत. ज्या गुरूने संपतात त्यांतून तो गुरू काढला की दोन मात्रांची रचना उरते, आणि त्या दोन आहेत. तीन आणि दोन मिळून पाच. हाच विचार कितीही मात्रांना लागू पडतो, कारण शेवटचे अक्षर लघू किंवा गुरू यांपैकी एक असणारच, आणि म्हणून पाच मात्रांच्या रचना पाच अधिक तीन म्हणजे आठ, सहा मात्रांच्या आठ अधिक पाच म्हणजे तेरा, अशी क्रमिका आपोआप उभी राहते. सशांच्या कूटात जोडी महिन्यानंतर प्रसवक्षम होते आणि एकही ससा मरत नाही असे मानून चालावे लागते. मात्रांच्या गणतीत काहीही मानावे लागत नाही.

हे विवेचन नवे नाही. छंदःशास्त्राचा आद्य सूत्रकार पिंगल याने इसवी सनापूर्वीच लघु-गुरूंच्या प्रस्ताराची, म्हणजे सर्व संभाव्य रचना क्रमाने मांडण्याची, पद्धत सूत्रबद्ध केली होती. त्याचा मुख्य विषय अक्षरसंख्येने बांधलेली वृत्ते हा होता, आणि तिथे गणती दुपटीने वाढते: प्रत्येक अक्षराला दोनच पर्याय असल्यामुळे सहा अक्षरांच्या चरणाच्या ६४ रचना होतात, आणि भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही गायत्रीच्या चरणाविषयी नेमका हाच प्रश्न आहे. मात्रांनी बांधलेल्या वृत्तांची गणती मात्र वेगळी, कारण तिथे अक्षरांची संख्या स्थिर नसून एकूण काळ स्थिर असतो. सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान होऊन गेलेल्या विरहांकाने ‘वृत्तजातिसमुच्चय’ या प्राकृत ग्रंथात मागच्या दोन संख्यांच्या बेरजेचा नियम सांगितला, गोपालाने ११३५ पूर्वी लिहिलेल्या टीकेत तो संख्यांसह उलगडला आणि ११५० च्या सुमारास आचार्य हेमचंद्रांनी ‘छंदोनुशासना’त तो पुन्हा मांडला. पिसाच्या लिओनार्दोचा ‘लिबेर अबाची’ हा ग्रंथ १२०२ चा. वर्षाअखेर सशांच्या ३७७ जोड्या होतात हे त्यातले प्रसिद्ध उत्तर. ३७७ म्हणजेच तेरा मात्रांच्या रचनांची संख्या. या क्रमिकेला फिबोनाचीचे नाव रूढ केले ते एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात. अग्रक्रमाचा वाद घालण्यापेक्षा अधिक महत्त्वाची गोष्ट ही, की विरहांक आणि हेमचंद्र यांचे ग्रंथ हस्तलिखितांच्या गठ्ठ्यांतून बाहेर काढून शुद्ध पाठांसह छापले ते हरि दामोदर वेलणकर या मराठी पंडिताने. मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या वेलणकरांनी ‘वृत्तजातिसमुच्चय’ रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १९२९ आणि १९३२ मध्ये प्रसिद्ध केला, आणि ‘छंदोनुशासना’ची त्यांची आवृत्ती १९६१ मध्ये निघाली. गणिताच्या इतिहासकारांनी पुढे जे काही लिहिले ते या पायावर उभे आहे, आणि तरीही वेलणकरांचे नाव महाराष्ट्रात फारसे कोणी घेत नाही, ही खेदाची गोष्ट होय.

याच काळात कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात मराठी छंदांचा असाच मूलगामी विचार चालू होता. कवी माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, तिथे फारसीचे अध्यापन करीत होते. ‘छंदोरचना’ हा त्यांचा ग्रंथ १९२७ मध्ये प्रथम निघाला आणि १९३७ मध्ये तो इतका विस्तारला, की पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठाने त्यासाठी त्यांना डी.लिट. ही पदवी दिली. त्याच कॉलेजात आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये १९३० पासून अर्धमागधी शिकवीत होते, आणि विरहांकाच्या ग्रंथासारखे ग्रंथ ज्या प्राकृत परंपरेत लिहिले गेले, त्या परंपरेतल्या जैन ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या सिद्ध करीत होते. मात्रावृत्ते आणि प्राकृत या दोन्हींचे एवढे मोठे जाणकार एकाच संस्थेत असावेत, हे कोल्हापूरच्या विद्यापरंपरेचे मोठेच भाग्य म्हटले पाहिजे. पटवर्धनांनी मराठीतल्या मात्रावृत्तांची, त्यांच्या शब्दांत जातींची, व्यवस्था लावताना कानाला जाणवणारे आवर्तन हा निकष धरला: अग्न्यावर्तनी जाती पाच मात्रांच्या आवर्तनाच्या, भृंगावर्तनी सहा मात्रांच्या, हरावर्तनी सातांच्या आणि पद्मावर्तनी आठांच्या. ‘छंदोरचना’ हा गणिताचा ग्रंथ नव्हे. पण या चार आवर्तनांसमोर प्रत्येकीच्या संभाव्य लघु-गुरू रचनांची संख्या लिहिली तर ८, १३, २१ आणि ३४ हे आकडे मिळतात, म्हणजे क्रमिकेचा एक सलग तुकडाच हाती येतो. कवी अर्थात या सर्व रचना वापरत नाही. आवर्तनाच्या सुरुवातीला येणारा आघात सांभाळण्यासाठी त्याला काही रचना टाळाव्याच लागतात, आणि किती टाळल्या जातात हे मोजू लागले की गणित आणि काव्यशास्त्र एकमेकांच्या अगदी जवळ येतात.

त्याचे उत्तम उदाहरण पन्हाळ्यावर जन्मलेल्या मोरोपंतांनी मराठीत घरोघर पोचवलेल्या आर्येचे आहे. आर्येचा पहिला चरण बारा मात्रांचा असतो. नुसत्या बारा मात्रांच्या रचना क्रमिकेनुसार २३३ होतात. परंतु आर्येचा नियम असा, की मात्रांचे चार-चारांचे गण पडले पाहिजेत आणि विषम स्थानीच्या गणात जगण, म्हणजे ‘लगाल’ ही रचना, येता कामा नये. पहिल्या चरणात असे तीन गण बसतात. त्यांतल्या पहिल्या आणि तिसऱ्या गणाला म्हणून पाचांपैकी चारच पर्याय उरतात, दुसऱ्याला पाचही मोकळे राहतात, आणि चार, पाच व चार यांचा गुणाकार ८० येतो. दोनशे तेहतिसांतून ऐंशी. चारांच्या गणांची चौकट आणि एका रचनेवरची बंदी या दोन अटींनी जवळजवळ दोन तृतीयांश शक्यता बाजूला केल्या. उरलेल्या ऐंशींत आर्येची चाल सांभाळली गेली आणि तरीही मोरोपंतांसारख्या कवीला हजारोंनी आर्या रचता आल्या. छंदाचे बंधन म्हणजे काय, याचा इतका नेमका हिशेब क्वचितच मांडता येतो.

प्राचीन छंदःशास्त्रज्ञ केवळ एकूण संख्या काढून थांबले नाहीत. दिलेली रचना प्रस्तारात कितवी, हे सगळा प्रस्तार न मांडता ओळखण्याच्या रीतीला उद्दिष्ट म्हणतात, आणि मात्रांच्या बाबतीत ती रीत विलक्षण सुंदर आहे. चार मात्रांसाठी ओळीने १, २, ३, ५ हे आकडे लिहावेत, प्रत्येक मात्रेला एक. गुरू दोन मात्रा व्यापतो, म्हणून त्याच्या वाट्याला लगतचे दोन आकडे येतात. त्यांतला पहिला तेवढा विचारात घ्यावा, आणि अशा सर्व पहिल्या आकड्यांची बेरीज एकूण संख्येतून, म्हणजे पाचातून, वजा करावी. ‘गागा’मध्ये पहिला गुरू १ आणि २ यांवर बसतो, दुसरा ३ आणि ५ यांवर; १ आणि ३ मिळून चार, पाचातून चार गेले की एक उरतो, आणि ‘गागा’ प्रस्तारात पहिलीच आहे. ‘लगाल’मध्ये गुरू २ आणि ३ यांवर येतो, पाचातून दोन गेले की तीन उरतात, आणि ती रचना तिसरी आहे. ‘लललल’मध्ये वजा करण्याजोगे काहीच नाही, म्हणून ती पाचवी, शेवटची. दोन गुरू एकमेकांच्या मात्रांवर बसू शकत नसल्यामुळे वजा होणारे आकडे क्रमिकेत कधीच शेजारी-शेजारी येत नाहीत, आणि प्रत्येक रचनेचा क्रमांक वेगळा असल्यामुळे प्रत्येक बेरीजही वेगळी असते. प्रत्येक नैसर्गिक संख्या या क्रमिकेतल्या शेजारी-शेजारी नसलेल्या संख्यांची बेरीज म्हणून एकाच प्रकारे लिहिता येते, जसे १०० म्हणजे ८९, ८ आणि ३, हा सिद्धांत आधुनिक गणितात झेकेनडॉर्फ या बेल्जियन गणितप्रेमीच्या नावाने ओळखला जातो. त्याचे सगळे सत्त्व उद्दिष्टाच्या या कृतीत आहे. पुस्तकाच्या दुसऱ्या प्रकरणात ही कृती सविस्तर दिली आहे आणि वाचकाने ती कागद-पेन्सिल घेऊन करून पाहावी, कारण क्रमिकेची जी ओळख तिने होते ती सूत्र पाठ करून होत नाही.

नियमात थोडा बदल केला की क्रमिका बदलते. याचे उदाहरण संगीतातल्या तालांच्या गणतीत मिळते. देवगिरीचा यादव राजा सिंघण याने तेराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शिलाहार दुसऱ्या भोजाचा पराभव करून पन्हाळा आणि कोल्हापूरचा मुलूख घेतला. त्याच सिंघणाच्या पदरी हिशेबखात्याचा प्रमुख असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्याच्या तालाध्यायात तालांचा प्रस्तार मांडला. तालाची अंगे द्रुत, लघू, गुरू आणि प्लुत, आणि द्रुताला एकक मानले तर त्यांचे काळ अनुक्रमे एक, दोन, चार आणि सहा. म्हणून तालांची गणती करताना मागच्या दोन संख्या मिळवून भागत नाही. मागची पहिली, दुसरी, चौथी आणि सहावी अशा चार संख्या मिळवाव्या लागतात, आणि १, २, ३, ६, १०, १९, ३३, ६० अशी निराळीच क्रमिका मिळते. जमाखर्चाच्या कामात मुरलेल्या माणसाची बुद्धी संगीतात किती खोल उतरू शकते, हे इथे दिसते. पुढे १३५६ मध्ये नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’त अशा सर्व क्रमिकांचा एकत्र विचार केला आणि चौथ्या वर्षापासून दरवर्षी एक वासरू देणाऱ्या गाईचे उदाहरण घातले, तिथे पुढची संख्या मिळते ती लगतची संख्या आणि तिच्या मागची दुसरी संख्या यांच्या बेरजेने.

संख्यांच्या रांगांमागे लागण्याची ही परंपरा महाराष्ट्रात विसाव्या शतकातही जागी होती. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधला: तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून वजाबाकी केली, ७६४१ मधून १४६७ वजा केले, की पुन्हा ६१७४ च येते, आणि सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या ही कृती पुन्हा पुन्हा करत गेल्यास अखेर इथेच पोचते. कापरेकरांचे काम मोलाचे आहे, पण त्याचा स्वभाव वेगळा: ते संख्या दशमान पद्धतीत कशी लिहिली जाते यावर अवलंबून आहे. मात्रांची क्रमिका लेखनपद्धतीवर अवलंबून नाही. तिचे नाते थेट गणतीशी आहे, आणि म्हणूनच ती कविता, भूमिती आणि वनस्पती अशा परस्परांशी संबंध नसलेल्या ठिकाणी उगवू शकते.

भूमितीत तिची गाठ सुवर्णगुणोत्तराशी पडते. युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास एक रेषाखंड असा विभागण्याची कृती दिली, की संपूर्ण रेषेचे मोठ्या भागाशी जे गुणोत्तर तेच मोठ्या भागाचे लहान भागाशी असावे. लहान भाग १ आणि मोठा भाग क्ष मानला तर क्ष² = क्ष + १ हे समीकरण मिळते, आणि त्याचे धन उत्तर म्हणजे एक अधिक पाचाचे वर्गमूळ यांची निम्मी, सुमारे १.६१८०३. क्रमिकेतल्या लगतच्या संख्यांचे भागाकार करीत गेल्यास ८ भागिले ५ म्हणजे १.६, १३ भागिले ८ म्हणजे १.६२५, २१ भागिले १३ म्हणजे सुमारे १.६१५, ३४ भागिले २१ म्हणजे सुमारे १.६१९, असे ते एकदा कमी एकदा जास्त होत त्या संख्येभोवती आवळत जातात. योहान्स केप्लरने १६११ मध्ये ही गोष्ट नोंदवली. भागाकार नेमके तिथे कधीच पोचत नाहीत, कारण सुवर्णगुणोत्तर दोन पूर्णांकांच्या भागाकाराने व्यक्त होऊच शकत नाही, आणि याची सिद्धता चित्राने देता येते. ज्या आयताच्या बाजू या गुणोत्तरात आहेत त्यातून सर्वांत मोठा चौरस कापला की उरणारा आयतही त्याच गुणोत्तराचा असतो. मूळ बाजू पूर्णांक असत्या तर उरलेल्या आयताच्या बाजूही पूर्णांक, पण आधीपेक्षा लहान असल्या असत्या, आणि हे कापणे कधीच संपत नसल्यामुळे लहान लहान होत जाणाऱ्या धन पूर्णांकांची न संपणारी रांग मिळाली असती. तशी रांग असू शकत नाही. शालेय स्पर्धांत विचारले जाणारे एक कूटही याच्याच शेजारचे आहे: ८ गुणिले ८ चा कागदी चौरस विशिष्ट प्रकारे चार तुकड्यांत कापून ५ गुणिले १३ चा आयत रचला की ६४ चे ६५ झाल्यासारखे दिसतात. आठाचा वर्ग आणि पाच-तेरांचा गुणाकार यांत जो एकाचा फरक आहे तो तिरक्या फटीत दडलेला असतो, आणि क्रमिकेत कुठेही सलग तीन संख्या घेतल्या तरी मधलीचा वर्ग आणि कडेच्यांचा गुणाकार यांत हा एकाचाच फरक राहतो.

निसर्गातल्या उदाहरणांसाठी कोल्हापूरकराला फार दूर जावे लागत नाही. पानांच्या मांडणीचा नियम वनस्पतिशास्त्रात अपूर्णांकाने सांगतात: एका पानापासून निघून वर वर जाताना त्याच्या नेमके वरचे पान येईपर्यंत खोडाभोवती किती फेरे झाले आणि किती पाने गेली, त्यांचा हा भागाकार. उसाची पाने समोरासमोर दोन रांगांत येतात, म्हणून उसाचा अपूर्णांक १/२. पानाच्या बेचक्यातला डोळाही एका पेरावर या बाजूला तर पुढच्या पेरावर त्या बाजूला असतो, आणि म्हणूनच दोन डोळ्यांची टिपरी सरीत ठेवताना दोन्ही डोळे बाजूंना येतील अशी ठेवतात, एक वर आणि एक खाली जाऊ देत नाहीत. पंचगंगेच्या काठच्या लव्हाळ्याची पाने तीन रांगांत असतात, अपूर्णांक १/३. परसातल्या जास्वंदीचा २/५, पपईचा ३/८. हे अपूर्णांक पुढे ५/१३, ८/२१ असे लांबवता येतात. त्यांतले अंश आणि छेद दोन्ही आपल्या क्रमिकेतले आहेत, आणि अंशांत मिसळलेला पहिला १ धरला तर एकही संख्या परकी नाही. अंशांत मोजल्यास लगतच्या पानांमधला कोन अनुक्रमे १८०, १२०, १४४, १३५ आणि सुमारे १३८.५ होतो, आणि ही सगळी ओढ १३७.५ अंशांच्या जवळच्या एका कोनाकडे आहे. पूर्ण वर्तुळ सुवर्णगुणोत्तरात विभागले असता जो लहान कोन मिळतो तोच हा सुवर्णकोन. सूर्यफुलाच्या चक्रात बिया दाट असतात, तिथे हा कोन अधिक काटेकोरपणे पाळला जातो आणि दोन दिशांनी वळणाऱ्या सर्पिल रांगा दिसू लागतात: बहुधा एका दिशेने ३४ तर दुसऱ्या दिशेने ५५, मोठ्या फुलात ५५ आणि ८९. अननसाच्या सालीवर ८, १३ आणि २१ अशा तीन प्रकारच्या रांगा मोजता येतात.

हे का घडते, याचे उत्तर वनस्पतीच्या सौंदर्यदृष्टीत नसून तिच्या वाढीत आहे. शेंड्यावर नवा अंकुर आधीच्या अंकुरांपासून जिथे सर्वांत मोकळी जागा असेल तिथे उगवतो, हे निरीक्षण जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होफमाइस्टर यांनी १८६८ मध्ये नोंदवले. आता हेही कळले आहे, की वाढता अंकुर ऑक्सिन हे वाढीचे संप्रेरक आपल्याकडे ओढून घेतो आणि त्यामुळे त्याच्या लगत दुसरा अंकुर फुटू शकत नाही. एवढ्या साध्या रेट्यातून सुवर्णकोन निघतो, याचा पडताळा दूआदी आणि कुदेर या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये सजीवाशिवाय घेतला: तेलाच्या थाळीच्या मध्यभागी चुंबकीय द्रवाचे थेंब ठरावीक काळाने सोडले, ते थेंब एकमेकांना ढकलत कडेकडे सरकले, आणि थेंब सोडण्याचा वेग वाढवत नेल्यावर मांडणी समोरासमोरच्या दोन रांगांतून, म्हणजे उसाच्या मांडणीतून, निघून सर्पिलांकडे आणि सुवर्णकोनाकडे वळली. ऊस आणि सूर्यफूल या एकाच प्रक्रियेच्या दोन अवस्था आहेत, हे कोल्हापूर जिल्ह्याच्या वाचकाने विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. सुवर्णकोनच का, याचे गणिती कारण असे, की कोन पूर्ण वर्तुळाचा साधा अपूर्णांक असेल तर अंकुर सरळ अऱ्यांसारख्या रांगांत येतात आणि त्यांच्या मधली जागा रिकामी राहते; सुवर्णगुणोत्तर ही अपूर्णांकांनी गाठायला सर्वांत अवघड संख्या असल्यामुळे त्या कोनात अशा रांगा पडत नाहीत आणि जागा सर्वत्र सारखी भरते.

तरीही हा सार्वत्रिक नियम नव्हे, आणि या पुस्तकाने ते दडवलेले नाही. तुळशीची आणि रुईची पाने जोडीजोडीने समोरासमोर येतात आणि पुढची जोडी आधीच्या जोडीशी काटकोन करते. कण्हेरीची पाने तीन-तीनांच्या वलयात येतात. मोहरीच्या फुलाला पाकळ्या चार असतात, आणि चार ही संख्या क्रमिकेत नाही. जास्वंदीच्या पाच पाकळ्या मोजून तिला सुवर्णगुणोत्तराचा पुरावा म्हणणे आणि मोहरीकडे पाहायचेच नाही, ही शास्त्राची रीत नव्हे. शिंपल्यांच्या बाबतीत तर चूक अधिकच ठळक आहे: नॉटिलसचा शिंपला एका वेढ्यात सुमारे तिपटीने रुंदावतो, तर सुवर्णगुणोत्तरावर बेतलेले सर्पिल एका वेढ्यात सुमारे ६.८५ पटीने, आणि या दोहोंचा मेळ बसत नाही.

वास्तुकलेविषयी यापेक्षा अधिक सावधगिरी हवी. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात, जिथे सिंघणाचा शिलालेखही आहे, स्वर्गमंडपाच्या उघड्या वर्तुळाकार छताखाली उभे राहिलेल्या कोणालाही त्या रचनेमागे काटेकोर प्रमाणबद्धता आहे हे जाणवते, आणि तिला सुवर्णगुणोत्तराचे नाव देण्याचा मोह होतो. परंतु शिल्पग्रंथांतली मापे ६४ किंवा ८१ पदांच्या वास्तुमंडलावर, म्हणजे चौकटींच्या जाळ्यावर, आणि पूर्णांकांच्या साध्या प्रमाणांवर आधारलेली असतात. छायाचित्रावर आयत ठेवून कुठल्या तरी दोन रेषांत १.६ च्या आसपासचे गुणोत्तर दाखवता येते, पण रेषा कोणत्या निवडायच्या याचे स्वातंत्र्य मापणाऱ्याकडेच असेल तर त्याला १.५ किंवा १.७ ही तितक्याच सहजपणे मिळाले असते. अथेन्सच्या पार्थेनॉनविषयीचा दावाही याच पद्धतीने उभा केलेला आहे. खिद्रापूरच्या स्थपतींनी जे प्रत्यक्ष वापरले ते जाळ्याचे गणित समजून घेणे हाच त्यांच्या कामाचा खरा आदर होय, आणि म्हणून या पुस्तकात मंदिरांवर वेगळे प्रकरण नाही.

फुलांच्या बाबतीत मात्र वाचकाला स्वतः मोजून पाहता येते, आणि त्यासाठी शेवटच्या प्रकरणात सूचना दिल्या आहेत. सूर्यफूल पुरते भरलेले पण बिया न झडलेले असावे. चक्राच्या कडेजवळून निघणारी एक सर्पिल रांग रंगीत पेनने मध्याकडे रंगवावी आणि तिथून एकाच दिशेने रांगा मोजत पुन्हा तिच्यापाशी यावे. मग दुसऱ्या दिशेची गणती तशीच करावी. चक्राच्या निरनिराळ्या अंतरांवर संख्या बदलतात, म्हणून दोन्ही गणत्या एकाच अंतरावर झाल्या पाहिजेत. ॲलन ट्युरिंगने आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत याच प्रश्नाचा अभ्यास केला होता. त्याच्या स्मरणार्थ ब्रिटनमध्ये सामान्य नागरिकांनी वाढवलेल्या सूर्यफुलांतल्या ६५७ फुलांच्या गणतीचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक फुलांत क्रमिकेतल्याच संख्या होत्या. काहींत १, ३, ४, ७, ११, १८, २९, ४७ या क्रमिकेतल्या निघाल्या, जिला ल्युकाचे नाव आहे आणि जिचा बेरजेचा नियम तोच असून फक्त सुरुवात निराळी आहे. आणि काही फुलांतल्या संख्या कोणत्याच ओळखीच्या क्रमिकेत बसल्या नाहीत. गणतीत ४७ आले तर ते ४७ म्हणूनच लिहावे, सोयीसाठी त्याचे ५५ करू नये, आणि अशी फुले वेगळी राखून ठेवावीत, कारण वाढीच्या कोणत्या टप्प्यावर मांडणी क्रमिकेची वाट सोडते हे त्याच फुलांत पाहायला मिळते.